इंग्रजीची परीक्षा : उच्चार की आकलन?

फूलबागेत मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकमेकांच्या सान्निध्यात उभी आहेत. शिंदेशाहीपासून ग्वाल्हेरीस वसलेल्या मराठी कुटुंबांच्या भाषाही तशाच शेजारी नांदतात : घरी मराठी, बाजारात हिंदी, नोकरीच्या अर्जावर इंग्रजी. परदेशी जाऊ पाहणारे तरुण शिफारसपत्रासाठी धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती त्यांच्या बोलण्यात असतेच. "माझे उच्चार आपल्याकडचे, तेवढ्यावरून मला नापास करतील काय?" ह्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे, तर अशी परीक्षा नेमके काय मोजते हे आपण जाणले पाहिजे.

१. शिब्बोलेथ

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात भाषेची एक परीक्षा आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक नदीपार जाऊ पाहणाऱ्यास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी मनुष्य 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेथेच मारला जाई. त्या वेळी एफ्राइमांपैकी ४२,००० पडले, असे तेथे नमूद आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या शब्दाचा अर्थ दोघांनाही कळत होता. संभाषण कोठेच अडले नव्हते. म्हणजे ती परीक्षा भाषेची नव्हतीच. ती कुळाची होती.

२. चरखी दादरी

ह्याच्या उलट बाजू पाहू. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे प्रवासी विमान आणि कझाकस्तानचे दिल्लीकडे येणारे विमान यांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्यू पावली. कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. ते त्याखाली उतरले. सौदी विमान १४,००० फुटांवर होते. चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे सोपविण्यात आली. ते आपल्याच भागातील गुना येथे जन्मलेले, पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. नेमून दिलेली उंची सोडणे हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. परंतु त्यामागील कारणांत कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञानही गणले गेले. येथे प्रश्न कुळाचा नव्हता. सांगितलेले समजले की नाही, एवढाच होता.

३. परीक्षेची नवी कसोटी

अशा अपघातांचा विचार करून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९८ मध्ये ठराव केला व २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रक यांच्या भाषाज्ञानाचे नियम स्वीकारले. ते ५ मार्च २००८ पासून लागू झाले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशी सहा अंगे तपासली जातात. पायऱ्याही सहाच, आंतरराष्ट्रीय उड्डाणांस किमान चौथी आवश्यक. सहांची सरासरी काढीत नाहीत. ज्या अंगात पायरी सर्वांत खालची, तीच उमेदवाराची पायरी ठरते. चौथ्या पायरीवरील व्यक्तीची साधारण तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा होते, कारण न वापरलेली भाषा गंजते.

उच्चारावर मातृभाषेची छाया असण्यास ह्या नियमांची हरकत नाही; ती समजण्याच्या आड येऊ नये, एवढेच. शिवाय इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनीही इतरांस कळेल असेच बोलले पाहिजे. बंधन दोहोंकडे आहे.

४. गुण कशाचे?

शिक्षणशास्त्रात चांगल्या परीक्षेची दोन लक्षणे सांगतात. पुन्हा घेतली तरी निकाल फारसा बदलू नये, ही विश्वसनीयता. जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही यथार्थता. १९७९ साली जपानी उद्योगजगताच्या मागणीवरून अमेरिकेत तयार झालेल्या 'टोइक' ह्या परीक्षेची मूळ प्रश्नपत्रिका श्रवण व वाचन यांचीच होती. संभाषण व लेखन यांची स्वतंत्र परीक्षा २००६ मध्ये आली. केवळ पहिल्या परीक्षेचे गुण पाहून उमेदवार बोलेल कसा हे ठरविणे म्हणजे यथार्थता गमावणे होय. 'आयेल्ट्स'मध्ये चारही कौशल्यांना ० ते ९ असे स्वतंत्र गुण मिळतात; संभाषणाच्या चार निकषांपैकी उच्चार हा एक, आणि तेथेही पाहतात ते सुबोधता.

५. आपले काम

तेव्हा त्या तरुणास असे सांगावे : "उच्चार बदलण्याच्या खटपटीत वर्ष घालवू नकोस, ऐकलेले नीट समजून घेण्याचा व स्पष्ट बोलण्याचा सराव कर. न समजल्यास पुन्हा विचारण्यास लाजू नकोस." ह्या संकोचाची किंमत फार मोठी असू शकते, हे चरखी दादरीने दाखविले आहे.

आणि आपण स्वतःलाही तपासावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलाखतीत, एखाद्याचे अशुद्ध मराठी किंवा हिंदी वळणाचे बोलणे ऐकून आपण त्याचे ज्ञान मोजतो की त्याचे कूळ? उतारावर उभा असलेला गिलादी पहारेकरी आपल्यातही असू शकतो.