मोकळ्या रस्त्याचे वेळापत्रक

पहाटे ४:३०

आधी हवा भरायची. पडवीत भिंतीला लावून ठेवलेल्या सायकलींचे टायर एकेक करून दाबून बघतो, मग पंपावरचा काटा. पुण्याहून येणारी बरीच मंडळी टायर अगदी टणक भरून आणतात. शहरातल्या गुळगुळीत डांबरावर ते चालते. आमच्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडा खचलेल्या असतात, मोऱ्यांवर खडी सुटलेली असते. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआय भरले तर चाक खडीवर उड्या मारते, पकड सुटते आणि तासाभरात हाताला मुंग्या येतात. ७०–७५ पुरतात, माणूस हलका असेल तर आणखी थोडी कमी. मग ब्रेक पॅड, चेन, पुढचा-मागचा दिवा.

राजगडाच्या पाली दरवाज्याखाली आमचे गाव. पायथ्याच्या गावांतली पोरे पाहुण्यांना वाटाड्या म्हणून गडावर नेतात, मी त्यांना सायकलवर खोऱ्यात नेतो. चार-सहा जणांचा गट असतो. रात्री आमच्या घरी मुक्काम, सकाळी राईड, दुपारी घरचे जेवण. गाड्या नसलेला रस्ता हवा म्हणून माणसे येतात आणि मला नकाशा मागतात. मी त्यांना वेळ सांगतो. कानंद खोऱ्यातला तोच रस्ता सकाळी सातला मोकळा असतो, अकराला नसतो. माझ्या कामातले निम्मे कसब एवढेच, की कोणत्या वेळी कोणता रस्ता रिकामा आहे ते ठाऊक असणे.

५:३०

आई चुलीवर चहा ठेवते. सोबत नाचणीची भाकरी आणि गूळ. रिकाम्या पोटी कोणालाही निघू देत नाही. चढावर डोळ्यापुढे अंधारी येते ती बहुधा त्यामुळेच. चहा पिता पिता नियम सांगतो. एकामागे एक चालायचे. कानात गाणी नकोत. मागून गाडी आली की शेवटच्याने ‘गाडी!’ म्हणून ओरडायचे. गुरे दिसली की घंटी न वाजवता हळू व्हायचे, गुराखी बाजूला घेईल तेवढा धीर धरायचा.

हे दिवस भातझोडणीचे. रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरून भात वाळत घातलेला असतो, काही ठिकाणी अर्धा रस्ताच खळे झालेला असतो. तिथे सायकलवरून उतरून चालत जायचे. कोणाच्या वर्षभराच्या धान्यावरून चाक न्यायचे नाही. शिवाय पेंढ्याच्या काड्या डिरेलरमध्ये गुंतल्या की चेन अडकते, ती बाहेर काढायला अर्धा तास जातो.

६:१५

निघतो. सूर्य उगवायला अजून वेळ आहे, पण रस्त्याची कड दिसू लागलेली असते. कानंदीच्या पुलावर धुके इतके दाट असते की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसतो. नदी ओलांडून पाबे गावाकडे आलो की नसरापूर–वेल्हे रस्ता लागतो. या वेळी दुधाचे टेम्पो नसरापूरच्या दिशेने जातात, आम्ही उलट्या दिशेला. चालक ओळखीचे झाले आहेत, दिवा एकदा मिचकावून जातात.

पुण्याचे मुरलेले सायकलस्वार खडकवासल्याच्या बाजूने रांजणे करून पाबे घाट चढून इथे उतरतात आणि नसरापूरमार्गे परत जातात. त्या फेरीत घाट आहे, झोकदार उतार आहे, पण शेवटी सातारा महामार्ग येतोच. त्यापेक्षा खोऱ्यात आत, पश्चिमेला जावे. रस्ता नदीच्या उलट दिशेने जातो, म्हणजे सारा वेळ हलका चढ. पायांना तो जाणवतो, डोळ्यांना नाही.

सूर्य पाठीशी असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. आपल्याला छान दिसते, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप असते आणि त्याला आपण दिसत नाही. म्हणून उजाडले तरी पुढचा दिवा चालूच ठेवायला सांगतो.

७:००

वेल्हे. तालुक्याचे नाव आता राजगड झाले, गाव वेल्हेच. डोक्यावर तोरणा: १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या किल्ल्यांपैकी हा एक. इथे सापडलेल्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पोहे आणि दुसरा चहा. हॉटेलातल्या मावशी आमची वेळ ओळखून कढई आधीच चढवतात. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्यायच्या. अर्ध्या तासाच्या वर थांबू देत नाही. एसटी आली, शाळा-कचेऱ्यांची वेळ झाली की पेठेतला रस्ता भरतो.

७:३०

वेल्ह्यापुढचा रस्ता हा माझ्या दिवसाचा खरा भाग. भट्टी, पासली, केळद. इथून पुढे सह्याद्रीची धार. रस्ता कुठल्या मोठ्या शहराला जात नाही, म्हणून कोणी घाईचा माणूस त्यावर नसतो. आडव्या दिवशी या वेळेला भेटतात ती शेताकडे निघालेली माणसे, म्हशी, एखादी वडाप जीप. एकदा वळण घेतले की चाकांचा आवाज, फ्रीव्हीलची टकटक आणि कुठेतरी भात झोडल्याचा आवाज, एवढेच.

चढ सुरू झाला की शहरातली माणसे दोन चुका करतात. एक, जड गिअरवर उभे राहून रेटतात. दुसरी, पुढच्याला धरायला बघतात. पायाचे फेरे मिनिटाला ७०च्या खाली गेले की भार गुडघ्यावर येतो, म्हणून वेळेवर हलका गिअर टाकायचा आणि बसून चढायचे. बोलता आले पाहिजे. वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग जास्त आहे. मी सर्वांत मागे राहतो. दमलेल्या माणसाला मागे कोणीतरी आहे हे कळले की तो चढतो.

चढावरच या मुलखाची रचना उमगते. कानंद खोरे, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे. दर नदीचे एक खोरे, आणि एकातून दुसऱ्यात जायला खिंड चढावी लागते. मोटारीत बसून हे कळत नाही, मोटारीला खिंड म्हणजे दोन वळणे. सायकलवर प्रत्येक खिंडीला घाम गाळावा लागतो, आणि मग समजते की प्रत्येक खोऱ्याला आपापले देशमुख का होते: कानंदात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडसात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे. डोंगराने वेगळी ठेवलेली ही माणसे एका निशाणाखाली आणणे किती अवघड गेले असेल, हे मी पाहुण्यांना खिंडीच्या माथ्यावर सांगतो. तिथे ते नुसते ऐकत नाहीत, मान डोलावतात, कारण पाय अजून थरथरत असतात.

९:१५

केळद, आणि पुढे मढे घाट. सायकली झाडाला लावून कड्यापाशी चालत जातो. मागच्या खोऱ्यातले पाणी कानंदीतून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत, नीरेतून भीमा-कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. इथे कड्यावरून पडणारे लक्ष्मी धबधब्याचे पाणी मात्र कोकणात, अरबी समुद्राकडे. आता कार्तिकात धार बारीक झालेली असते.

फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह याच वाटेने खाली उमरठ्याला नेला, अशी या भागातली आठवण आहे. इथे फार बोलत नाही. केळे, शेंगदाण्याची चिक्की, पाणी. साली आणि कागद पिशवीत परत. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथे गाड्यांची रांग लागते, स्पीकर लागतात, काचा फुटतात. सायकलच्या टायरला लागलेली काच मी कड्यापासून खूप अलीकडे, भर रस्त्यावरही काढली आहे.

१०:००

परतीचा प्रवास बहुतेक उताराचा, आणि माझी काळजी इथे वाढते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात हात सैल, बाहेरच्या बाजूचा पाय खाली. आंधळ्या वळणापलीकडे म्हैस उभी आहे असे धरूनच चालायचे. बहुतेक वेळा ती असतेच.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा तिचा एक टप्पा आमच्या तालुक्यातूनही गेला. परदेशी सायकलपटू बघायला पोरे रस्त्यावर उभी होती, मीही होतो. शर्यतीच्या वाटेवरचे खड्डे बुजले, नवे डांबर पडले. त्याचा मला आनंद आहे. पण गुळगुळीत रस्त्यावर मोटारीही वेगाने येतात. सायकलसाठी नीट केलेला रस्ता सायकललाच धोक्याचा होऊ नये, यासाठी गावांच्या तोंडाशी गतिरोधक आणि वळणांवर ठळक पाट्या हव्यात. ग्रामसभेत हे मी मांडले आहे, पुन्हाही मांडणार.

१२:००

घरी. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा, नव्या इंद्रायणीचा भात. पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे आईच्या हातात जातात, आणि भाजी-अंडी गावातल्याच घरांकडून येतात. खोऱ्याला सायकलचा फायदा व्हायचा असेल तर तो असा व्हावा. नाहीतर माणसे पुण्याहून डबा आणतात, फोटो काढतात आणि निघून जातात.

२:००

पाहुणे निघाले की सायकली अंगणात. चेन रॉकेलने धुऊन, पुसून, वाळवून तेलाचा एकेक थेंब. टायरमधले काटे चिमट्याने काढायचे. बाभळीचा बारीक काटा आत मोडून राहिला तर नवी ट्यूबही तासाभरात बसते. पंक्चर काढताना पॉलिशपेपर नीट घासायचा आणि सोल्युशन सुकू द्यायचे. घाई केली तर पॅच सुटतो. एखाद्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा असतो. ते शांत वेळेचे काम.

४:००

उद्याचा रस्ता आज बघून यायचा. उद्या शनिवार. गुंजवण्याच्या बाजूला राजगडाची गर्दी असणार. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. मान मोठा, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण शनिवार-रविवारी साखर गावाच्या पुढे रस्ता सायकलचा राहत नाही. म्हणून सुट्टीच्या गटाला भोरच्या बाजूला, भुतोंड्याकडे नेतो. तिथे १९२०च्या दशकात बांधलेल्या भाटघर धरणाचे पाणी आत खोऱ्यापर्यंत आले आहे. त्या जलाशयाला याच भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे. मोटारसायकलवर जाऊन कुठे खणले आहे, कुठे भात वाळत आहे, पिण्याचे पाणी कुठे मिळेल, ते बघतो.

साडेपाचच्या आत परत. शाळेची पोरे आणि गुरे घरी येण्याची ही वेळ, या वेळी मी कोणालाही राईडवर नेत नाही. रस्ता त्यांचा.

८:००

पुढे येणाऱ्या गटांना फोन. सूचना त्याच, आणि वाचणाऱ्यांनाही त्याच. शक्यतो मंगळवार ते गुरुवार या. मोटार नसरापूरला किंवा वेल्ह्यात लावा, खोऱ्यात सायकलवरच शिरा. उजाडताना निघा, दुपारच्या आत परत फिरा. भातावरून चाक नेऊ नका. जेवायचे ते इथल्या घरी जेवा, आणि आणलेला कचरा परत घेऊन जा.