केबिनमधली बंदूक : राखण की विकतचं दुखणं?

शेतकरी मंडळी, बारामती-इंदापूर पट्ट्यात ट्रक नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. कुणी कर्ज काढून गाडी घेतलीय, कुणाचा पोरगा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गळीत हंगामात ऊस, मग साखर, त्यापाठोपाठ डाळिंब, केळी आणि भिगवणची मासळी. माल आपला, गाडी आपली आणि रात्रीचा रस्ताही आपलाच. म्हणून पारावर हा विषय अधूनमधून निघतोच : ‘रात्री-अपरात्री एकट्यानं गाडी हाकायची, मग जवळ एखादं हत्यार ठेवलं तर बिघडलं कुठं?’ प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकलं तर घरादारावर येतं. तेव्हा जरा नीट पाहू.

भीती खोटी नाही

पुणे-सोलापूर महामार्ग पाटस, कुरकुंभ, भिगवण करत इंदापुरावरून टेंभुर्णीकडे जातो. रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला, पण रात्री मधले टप्पे सुनसानच असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात वरकुटे पाटीजवळ लुटारूंनी एका मोटारीचा पाठलाग केला, गोळ्या झाडल्या आणि ३ कोटी ६० लाखांची रोकड नेली. ती मोटार होती, ट्रक नव्हता. पण त्या रात्रीपासून या रस्त्यावरच्या कुठल्या ड्रायव्हरला धास्ती वाटली असेल, तर त्याला भित्रा कोण म्हणेल?

ट्रकवाल्याच्या वाट्याला येतात ते उपद्रव वेगळे. उभ्या गाडीच्या टाकीतलं डिझेल जातं, ताडपत्री फाडून पोती उतरवली जातात, लिफ्टच्या बहाण्यानं चढलेला माणूस मध्येच चाकू काढतो. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत हमरस्त्यावर केलेल्या जबरी चोरीला भारतीय न्याय संहितेत १४ वर्षांपर्यंत सजा आहे. पण चोर कायद्याचं पुस्तक वाचून येत नाही, हेही खरं.

परवाना मिळतो का?

मिळू शकतो, पण मागितला की मिळाला असं नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांवर हे सगळं चालतं. आपल्या ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. वय २१ पुरं हवं. पोलिसांचा अहवाल जातो, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. कामधंद्याच्या स्वरूपामुळेच जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, असं पटवून देता आलं तर विचार होतो. नुसतं ‘रात्री गाडी चालवतो’ एवढ्यानं भागत नाही.

आणि परवाना हातात आला तरी तो कुठल्या हद्दीपुरता चालतो, ते त्यावर लिहिलेलं असतं. इंदापूरचं डाळिंब दिल्लीला निघालं की वाटेत किती राज्यं लागतात, ते तुम्हीच मोजा. अमेरिकेत बंदुका घरोघरी आहेत, तरी तिथंही एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही. तिथल्या ट्रकवाल्यालाही हद्द ओलांडताना हाच घोर असतो. शिवाय आपल्याकडे निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

गावठी कट्टा म्हणजे कोठडी

परवान्याची वाट लांबची म्हणून काहीजण आडवाटेला लागतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी गाव आहे. तिथल्या बेकायदा पिस्तुलांचा माग काढत पुणे पोलीस नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट तिथं जाऊन धडकले. तेव्हा ‘कुणाला कळतंय’ या भ्रमात राहू नका.

बिगरपरवाना बंदूक जवळ सापडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, वर दंड. हत्यार बंदी घातलेल्या प्रकारातलं निघालं, तर ७ ते १४ वर्षं. पुढचं कलम गाडीमालकांनी लक्षात ठेवावं. गुन्हा शाबित झाला तर हत्यार ज्या वाहनातून नेलं ते वाहनही जप्त करून सरकारजमा करण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं. म्हणजे पोरगा तुरुंगात, गाडी सरकारची आणि हप्ते तुमच्या नावावर!

क्लीनरचंही तसंच. गाडी दोघांच्या ताब्यात असेल आणि हत्याराची त्याला माहिती होती असं मानायला कारण असेल, तर तोही अडकतो. मग ‘माझं नव्हतं’ हे त्यालाच शाबित करावं लागतं.

चाक धरायचं की चाप?

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. दोन्ही हात चाकावर, पाय ब्रेकवर, पाठीमागं दहा-पंधरा टन माल. अशा वेळी दोन्ही बाजूंनी दोघं चढले तर बंदूक काढायची कधी आणि चालवायची कशी? झोपेत गाठलं तर ती आधी चोराच्याच हाती लागते. डिझेल चोरायला आलेला पळून गेला असता, तो बंदूक पाहून जिवावर उठतो.

सरकारनंही हे ओळखलंय. रोकड वाहणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय गृहखात्यानं २०१८ मध्ये नियम केले. त्यात चालक वेगळा आणि बंदूकधारी रक्षक दोन, तेही वेगळे. गाडी चालवणाऱ्यानंच राखण करावी, असं तिथंही धरलेलं नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलाय, तो कुणी काढून घेत नाही. अंगावर आलेल्याला गाडीतल्या टॉमीनं अडवलं तर तो हक्कच. पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. चोर पळाल्यावर पाठलाग करून मारलं तर मामला उलटतो.

मग करायचं काय?

रात्री थांबायचंच तर उजेडात, चार गाड्या उभ्या असतील अशा ढाब्यावर किंवा पंपावर थांबा. सरडेवाडी, पाटस असे टोलनाके जवळ असतील तर तिथवर गाडी रेटा. अनोळखी माणसाला केबिनमध्ये घेऊ नका. फास्टॅग आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आहे, मग मोठी रोकड सोबत कशाला? जीपीएस बसवा, घरी कुणीतरी जागा लक्षात ठेवील असं बघा.

अडचण आली तर ११२ फिरवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. बिल्टीत मालाची खरी किंमत लिहून घ्या, नाहीतर भरपाईला मर्यादा येते. मालाचा विमा वेगळा असतो. गाडीच्या विम्यात तो धरलेला नसतो.

गावाच्या वाट्याचं काम

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. महामार्गालगतच्या फाट्यावर एक दिवा आणि एक कॅमेरा, एवढं ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर पुष्कळ होईल. ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर ढाबेवाल्यांचे आणि पंपवाल्यांचे नंबर तिच्यात घाला. महामार्गावर सारख्या घिरट्या घालणारी बिननंबरची मोटरसायकल दिसली, तर पोलीस पाटलांनी ती खबर इंदापूर, भिगवण किंवा वालचंदनगर, जे ठाणं जवळ असेल तिथं त्याच रात्री द्यावी. सकाळची वाट पाहू नये.

आणि गावातल्या एखाद्या पोराच्या गाडीत कट्टा आहे अशी कुजबुज कानावर आली, तर गप्प बसू नका. त्याच्या बापाला आजच गाठा आणि दोघांना वकिलाकडे न्या. पोलिसांनी नाकाबंदीत धरल्यावर गावाला फक्त जामिनासाठी धावाधाव करणं उरतं.