सातशे साठ वाऱ्यांची वाट

सुरुवात फक्त एका मीटरने करू. इंग्लंडमध्ये एखाद्या शेताच्या मधूनच सार्वजनिक पायवाट जात असेल, तर शेतकऱ्याला ती नांगरता येते. पण नांगर लागल्यापासून चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. १९९० चा कायदाच आहे तसा. म्हणून ऐन हंगामात हिरव्यागार गव्हातून भांग पाडल्यासारखी एक मातकट रेघ जाताना दिसते. कुंपणाशी ओलांडायला लाकडी पायऱ्या, खांबावर पिवळा बाण. बाण दाखवेल तिकडे, दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून, कुणीही खुशाल चालत सुटतो.

आता हा मीटर जरा ताणून बघू. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या अशा वाटा इंग्लंडमध्ये भरतात सुमारे १,४६,००० किलोमीटर. साऱ्या एकेक मीटरच रुंद धरल्या, तरी जागा होते १४६ चौरस किलोमीटर. छत्तीस हजार एकर! बोरिवलीचं अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यात बसवा, वर चाळीस चौरस किलोमीटर शिल्लक. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा मालकाचा, पण पाय टाकायचा हक्क साऱ्या जगाचा.

हा हक्क आयता मिळालेला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये शेकडो कामगार किंडर स्काउट या मालकांनी अडवलेल्या डोंगरावर बेधडक चढले, काही जण तुरुंगातही गेले. १९४९ मध्ये कायदा झाला, वाटा नकाशावर नोंदल्या गेल्या, आणि मग आकडे असे काही फुगले की विचारू नका.

चला, नदीकाठाने निघू. थेम्स उगमापासून समुद्रापर्यंत ३४६ किलोमीटर वाहते आणि एवढ्या प्रवासात उतरते किती? जेमतेम ११० मीटर. किलोमीटरला एक फूट! आपली गाडी कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरांतच साडेपाचशे मीटरहून अधिक चढते. पण या संथ बाईचं पाणी मोजा. लंडनच्या वेशीवर, टेडिंग्टनपाशी, सरासरी दर सेकंदाला ६५ घनमीटर. आठ मीटर व्यासाची, दहा मीटर खोल विहीर घ्या. थेम्स ती आठ सेकंदांत काठोकाठ भरेल. मिनिटाला सात विहिरी, तासाला साडेचारशेच्या वर! आणि हिच्या सोबतीने उगमापासून लंडनपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरची पायवाट आहे. रेल्वेने मुंबई-पुणे होतं १९२ किलोमीटर. त्याच्या दीडपट अंतर, नदी नजरेआड फारशी न होऊ देता!

नदी सपाट, म्हणून देश सपाट समजू नका. नैर्ऋत्य किनाऱ्याची पायवाट माइनहेडहून निघून पूल बंदराच्या तोंडाशी संपते : १,०१४ किलोमीटर. कड्यावर चढायचं, खाडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. चढांची बेरीज होते सुमारे ३५,००० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. एकावर एक एकवीस कळसूबाई रचा! नाहीतर जवळजवळ चार एव्हरेस्ट. एवढं चढून माणूस शेवटी पोचतो कुठे, तर पुन्हा समुद्रसपाटीवर.

हा किनाऱ्याचा एक तुकडा झाला. इंग्लंडच्या पूर्ण किनाऱ्याला वळसा घालणारी वाट आता होत आली आहे, ती सुमारे ४,३०० किलोमीटर. महाराष्ट्राची ७२० किलोमीटरची किनारपट्टी शाळेत पाठ केली होती ना? तशा सहा!

आणि आता सगळं एकत्र. पायवाटा, घोडेवाटा, इतर मोकळ्या वाटा धरून इंग्लंडमधली बेरीज आहे सुमारे १,९०,००० किलोमीटर. डेक्कन क्वीन रोज मुंबई-पुणे जाऊन-येऊन करत राहिली, तर तिला सव्वासोळा महिने लागतील. पायी, रोज वीस किलोमीटर, एकही सुट्टी न घेता : सव्वीस वर्षं! आळंदी ते पंढरपूर वाट साधारण २५० किलोमीटरची. म्हणजे झाल्या ७६० वाऱ्या. वर्षाला एक वारी धरली, तर यंदा संपवायला ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधीच निघायला हवं होतं!

देश मात्र केवढा, तर महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. दर चौरस किलोमीटरला जवळजवळ दीड किलोमीटर वाट. एवढ्याच दाटीने महाराष्ट्रात वाटा आखल्या, तर भरतील साडेचार लाख किलोमीटर. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तो मागे पडेल!

एवढं असून त्यांच्या काही वाटा हरवल्याही आहेत. २०२० मध्ये रॅम्बलर्स या भटक्यांच्या संस्थेच्या हजारो स्वयंसेवकांनी इंग्लंड-वेल्सचे जुने नि नवे नकाशे चौकोन न् चौकोन ताडून पाहिले. नोंदीतून सुटल्या असाव्यात अशा वाटा निघाल्या तब्बल ७९,००० किलोमीटर. भारतीय रेल्वेचे सारे मार्ग मिळून होतात ६९,००० च्या आसपास. आपले जेवढे रेल्वेमार्ग आहेत, त्याहून जास्त वाटा त्यांच्या नुसत्या कागदावरून गळाल्या!

शेवटचा हिशेब रुपयांचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, आणि २०२३ च्या दराने कारचा एका वेळचा टोल ३२० रुपये. याच भावाने त्या १,९०,००० किलोमीटरांचा टोल होईल ६ लाख ४३ हजार. प्रत्यक्षात घेतात शून्य!

म्हणून लेकीकडे, मुलाकडे इंग्लंडला जाणार असाल, तर बकिंगहॅम राजवाड्यातला एक दिवस कापा. लंडनच्या पॅडिंग्टनहून केंबलची गाडी पकडा. स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर थेम्सचा उगम आहे. उन्हाळ्यात तिथे पाण्याचा टिपूसही नसतो, झाडाखाली एक कोरीव दगड तेवढा असतो. तिथून पुढच्या तीनशे किलोमीटरांना तिकीट लागत नाही. चांगले बूट तेवढे न्या.