केशनळीत पाणी का चढते?

दोन्ही तोंडे उघडी असलेली काचेची अतिशय बारीक नळी पाण्यात उभी धरली, तर तिच्यातील पाणी बाहेरच्या पातळीहून वर चढते आणि ठरावीक उंचीवर थांबते. या घटनेला केशाकर्षण म्हणतात. बारीक नळीत हवेचा दाब कमी पडत असावा, ही शंका सहज सुचणारी होती. परंतु लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी प्रयोग करणाऱ्या फ्रान्सिस हॉक्सबी याने अठराव्या शतकाच्या आरंभी हाच प्रयोग निर्वात पात्रात केला, तेव्हा पाणी तेथेही चढले. पुढे त्याने आतील पोकळी सारखीच, पण काच कमीअधिक जाडीची, अशा नळ्या घेतल्या आणि उंचीत फरक पडला नाही. साध्या साधनांनी केलेला हा प्रयोग फार मोलाचा आहे, कारण काचेचे आकर्षण तिला अगदी लगटून असलेल्या थरापुरतेच चालते, हे त्यावरून कळते.

मग नळीच्या मध्यभागचे पाणी कशामुळे चढते? द्रवाचे रेणू परस्परांना धरून ठेवतात ते संसंजन, आणि परक्या पदार्थाला चिकटतात ते आसंजन. स्वच्छ काचेशी पाण्याचे आसंजन प्रबळ असल्यामुळे पाण्याची कड भिंतीवर सरकते आणि पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. हा पृष्ठभाग आपले क्षेत्रफळ कमीत कमी ठेवू पाहतो, म्हणजेच तो ताणलेला असतो. या गुणाला पृष्ठताण म्हणतात. ताणलेला पृष्ठभाग खोलगट झाला की त्याच्या लगेच खालचा दाब वरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि ही तूट स्तंभाच्या वजनाने भरून निघेपर्यंत पाणी चढत राहते. वक्रता आणि दाब यांचा हा संबंध यंग आणि लाप्लास यांनी 1805-06च्या सुमारास मांडला. पाऱ्याचे संसंजन काचेशी असलेल्या आसंजनापेक्षा कितीतरी बलवान असल्याने त्याचा पृष्ठभाग फुगीर होतो आणि पारा नळीत उलट खाली दबतो.

उंची त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, हे जेम्स ज्यूरिन याने 1718मध्ये दाखवले. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते, तर त्रिज्या दहापट कमी केली की पंधरा सेंटिमीटर.

हाच हिशेब झाडाला लावला, की झाडात पाणी केशाकर्षणानेच शेंड्यापर्यंत चढते, हा शालेय पुस्तकांतून पसरलेला समज टिकत नाही. खोडातील जलवाहिनीची त्रिज्या वीस मायक्रोमीटर धरली, तरी केशाकर्षणाने पाणी पाऊण मीटरभरच चढेल. उंच वृक्षाच्या शेंड्यापर्यंत ते पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही केशाकर्षण तेथे निरुपयोगी नाही, फक्त त्याची जागा वेगळी आहे. पानांतील पेशीभित्तिकांची छिद्रे मायक्रोमीटरच्याही शतांश मापाची असतात; बाष्पीभवन होताना त्यांच्या तोंडाशी पाण्याचे पृष्ठभाग खोलगट होतात आणि त्यांच्याखाली दाबाची जी प्रचंड तूट निर्माण होते, ती संसंजनामुळे अखंड राहिलेल्या जलस्तंभाला थेट मुळांपासून वर ओढते.