हुंडणावळीचें मृगजळ

एका देशाचें नाणें देऊन दुसऱ्या देशाचें नाणें घेतांना जो भाव पडतो, त्यास जुने सराफ हुंडणावळ म्हणत असत. हा भाव दिवसांतून असंख्य वेळां बदलतो. बँका, आयात-निर्यात करणारे व्यापारी आणि सरकारें यांना त्यावर नजर ठेवणें भाग असतें; परंतु शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबाची या बाजाराशीं ओळख वर्तमानपत्रांतील एखाद्या आंकड्यापलीकडे सहसा जात नाहीं. बाजार तर अवाढव्य आहे. एप्रिल २०२२ मध्यें त्यांत दररोज सरासरी साडेसात लाख कोटी डॉलरांची उलाढाल होत होती. एवढ्या समुद्रांतून आपल्या घागरीपुरतें पाणी सहज मिळेल, असें कोणासही वाटावें. बाजार खरा, त्याची विशालता खरी, आणि सामान्य माणसाचें त्याविषयींचें अज्ञानही खरें. या तीन सत्यांच्या आधारावर एक असत्य उभें केलें जातें. “आमची पेढी परकीय चलनाचा व्यापार करते, पैसे आमच्याकडे ठेवा आणि दरमहा ठराविक टक्के घेऊन जा,” हें तें असत्य होय.

ही युक्ति आजची नव्हे. ज्याच्या नांवानें असल्या योजना साऱ्या जगांत ओळखल्या जातात, त्या चार्ल्स पाँझीनें १९२० सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत जें सोंग उभें केलें, तेंही हुंडणावळीचेंच होतें. परदेशीं पत्र पाठविणाऱ्यास उत्तराचा टपालखर्च आधींच भरतां यावा, म्हणून निरनिराळ्या देशांच्या टपालखात्यांनीं आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनें काढलीं होतीं. पहिल्या महायुद्धानंतर इटलीच्या लिऱ्याचा भाव घसरला. कूपनाचा ठरलेला दर मात्र तसाच राहिला. सबब इटलींत स्वस्तांत घेतलेलें कूपन अमेरिकेंत अधिक किमतीच्या तिकिटांना बदलतां येत असे. कागदावर हा हिशेब बिनचूक होता. त्याच्या बळावर पाँझीनें ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचें वचन दिलें, प्रारंभीं तें पाळलेंही, आणि त्याच्या दाराशीं लोकांची रीघ लागली. तेव्हां क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकारानें साधा हिशेब मांडला. जमा झालेल्या पैशांना पुरण्यास १६ कोटी कूपनें व्यवहारांत असावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत सुमारें २७ हजारच होतीं. मग नफा येत होता कोठून? ऑगस्ट १९२० मध्यें पाँझीस अटक झाली आणि उत्तर सर्वांस कळलें. नफा असा नव्हताच. काल आलेल्यास आज आलेल्याचे पैसे दिले जात होते.

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र” ही म्हण या व्यवहारास जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशास पडत असेल. समजा, एका इसमानें दहा जणांकडून प्रत्येकीं एक लाख, म्हणजे एकूण दहा लाख रुपये घेतले आणि दरमहा दहा टक्के देण्याचें कबूल केलें. गिऱ्हाइकें आणणाऱ्या दलालांस त्यानें दोन लाख वांटले. उरलेल्या आठ लाखांतून दरमहा एक लाख याप्रमाणें तो आठ महिने सर्वांस “नफा” वांटूं शकेल, आणि त्या काळांत एका पैशाचाही व्यापार करण्याची त्यास गरज नाहीं. आठव्या महिन्यापर्यंत प्रत्येकास ऐंशी हजार मिळालेले असतात. जो तो संतुष्ट असतो आणि आपल्या मेव्हण्यास, शेजाऱ्यास, कचेरींतील सहकाऱ्यास तीच वाट दाखवितो. नवव्या महिन्यास लागणारा पैसा हे नवे लोक आणतात. परंतु त्यांनाही दहा टक्के द्यावयाचे असल्यामुळें देण्याचा डोंगर वाढतच जातो. ज्या महिन्यांत नव्यांचा ओघ आटतो, त्या महिन्यांत पेढीला कुलूप लागतें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पैसे वेळेवर हातीं पडले, हा पेढीच्या सचोटीचा पुरावा नव्हे. वेळेवर पैसे देणें हाच तर या फसवणुकीचा मुख्य खर्च आहे, आणि तो गुंतवणूकदाराच्याच मुद्दलांतून होत असतो.

पाँझीच्या वेळीं कागदी वचनचिठ्ठ्या होत्या. आज मोबाईलच्या पडद्यावर हिरवे-तांबडे आंकडे नाचतात. न्यूयॉर्क येथें २०२१ च्या सप्टेंबरांत निघालेल्या एमिनीएफएक्स नांवाच्या संस्थेनें परकीय चलन आणि आभासी चलन यांचा व्यापार यंत्राच्या बुद्धीनें करून दर आठवड्यास निदान पांच टक्के देण्याची हमी दिली. तिचा प्रसार मुख्यतः हैती देशांतून आलेल्या लोकांत, आपलाच माणूस म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांत, झाला. मे २०२२ मध्यें ती बंद पडली तेव्हां हजारों लोकांचे २४ कोटींहून अधिक डॉलर तींत गुंतले होते, आणि २०२३ सालीं तिच्या चालकास नऊ वर्षांची शिक्षा झाली. आठवड्यास पांच टक्के म्हणजे काय, हें कोणीं पाटी-पेन्सिल घेऊन पाहिलें असतें, तरी पुरें होतें. व्याजावर व्याज धरल्यास १०० रुपयांचे वर्षाअखेर सुमारें १,२६४ होतात, आणि तीन वर्षांत दोन लाखांवर जातात. ज्यास अशी विद्या साध्य झाली, त्यास परक्यांच्या ठेवींची गरजच काय?

खऱ्या व्यापाराचें रूप याहून अगदीं निराळें असतें. चलनाच्या भावावर सट्टा करणाऱ्यांत एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा, आणि मधल्या दलालीचा बोजा दोघांवरही. चलन इत्यादींच्या भावांतील फरकावर होणाऱ्या करारांची पाहणी करून युरोपीय रोखे व बाजार प्राधिकरणानें २०१८ सालीं सांगितलें, कीं किरकोळ गिऱ्हाइकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटाच येतो. अशा बाजारांत कांहीं महिने लाभ व कांहीं महिने तोटा हाच क्रम असणार. म्हणून ज्या पेढीचा नफा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें ठरल्या दिवशीं, ठरल्या प्रमाणांत येतो, तिच्याविषयीं त्याच नियमितपणामुळें संशय घ्यावा.

दुसरें लक्षण पडद्यावरील शिल्लक. हे आंकडे चालक स्वतःच लिहीत असतो. त्यामागें बाजारांतील सौदा असतोच असें नाहीं. प्रथम थोडी रक्कम काढूं देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम मागतांच “आधीं कर भरा”, “आधीं शुल्क जमा करा”, अशी नवी मागणी येते; आणि बुडालेलें सोडविण्याच्या आशेनें माणूस आणखी बुडतो. देय रक्कम हातीं असतांना ती देण्यासाठीं उलट गिऱ्हाइकाकडूनच पैसे मागणें, ही फसवणुकीची कबुलीच समजावी. तिसरें लक्षण म्हणजे पैसे पेढीच्या नांवें न घेतां कोणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर किंवा आभासी चलनांत मागणें. चौथें, नवें गिऱ्हाईक आणणाऱ्यास दलाली देणें. खऱ्या व्यापाऱ्यास गिऱ्हाईक हवें असतें, पण त्यावांचून त्याचें जुनें देणें अडून राहत नाहीं.

हिंदुस्थानांत या बाबतींत कायदा पुष्कळसा स्पष्ट आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ याखालीं चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तींशींच आणि परवानगी असलेल्या कारणांसाठींच करतां येतो. तो संगणकावरून करावयाचा, तर रिझर्व्ह बँकेनें मान्य केलेल्या व्यवस्थेवर किंवा मान्यताप्राप्त शेअरबाजारांतच. परदेशीं रक्कम पाठविण्याची जी उदार सवलत रहिवाशांस आहे, तिचा उपयोग परकीय चलनाच्या सट्ट्याची अनामत भरण्यासाठीं करतां येत नाहीं. नियम मोडणाऱ्या गुंतवणूकदारावरही कारवाई होऊं शकते. म्हणजे मुद्दल जातें आणि वर कायद्याचा ससेमिरा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें अनधिकृत संस्थांची सावधगिरीची यादी प्रथम प्रसिद्ध केली. तींत ३४ नांवें होतीं. पुढें ती वाढत गेली. परंतु यादींत नांव नाहीं एवढ्यावरून संस्था अधिकृत ठरत नाहीं, हें बँकेनेंच बजावलें आहे. शोधावयाचें तें अधिकृतांच्या यादींत.

कोणी फसलाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. सायबर गुन्ह्यांसाठीं असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी वाटेंतील रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक. महाराष्ट्रांत ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, आणि अनियंत्रित ठेव-योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे. त्यांखालीं चालकांची मालमत्ता जप्त करतां येते; परंतु ती विकून पैसा हातीं येण्यास वर्षें लोटतात, आणि तोही पुरता येईल याची खात्री नसते.

“बुडेल तेव्हां बुडेल, तोंवर आपला नफा काढून घेऊं,” असा चतुर विचारही कित्येकांच्या मनांत येतो. त्यांनीं बोस्टनच्या प्रकरणाचा शेवट ध्यानांत घ्यावा. अखेरच्या दिवसांत ज्यांनीं धांवपळ करून आपलें मुद्दल सोडविलें, त्यांचीं प्रकरणें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीं. आणि १९२४ सालीं न्यायालयानें ठरविलें, कीं ती रक्कम त्यांनीं सर्व बुडालेल्यांत वांटणीसाठीं परत केली पाहिजे. कायदा बाजूला ठेवला, तरी हिशेब बदलत नाहीं. मागून आलेल्यांच्या ठेवींतूनच तो नफा निघालेला असतो. आणि मागून आलेले हे बहुधा त्याच्याच सांगण्यावरून आलेले, त्याच्याच घरचे आणि आळींतले लोक असतात. निवृत्त वडिलांची पुंजी, बहिणीचें स्त्रीधन, मित्रानें मुलाच्या शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम, यांपैकीं कशांतून तरी तो महिन्याचा हप्ता आलेला असतो. म्हणून “किती मिळेल?” या प्रश्नाच्या आधीं “कोठून येईल?” हा प्रश्न घरांत विचारला जावा. ज्या पेढीस त्याचें तपासून पाहतां येण्याजोगें उत्तर देतां येत नाहीं, तिच्या दारांत पाऊल न टाकणेंच इष्ट होय.