छत्रीचे चित्र आणि तारेचे चित्र

आमच्या गावी एका आळीत दोन चुलतभावांची घरे समोरासमोर आहेत. एकाच्या घरावर उपग्रहाची छत्री, दुसऱ्याकडे केबलची तार. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी छत्रीवाल्या घरातून ‘आउट!’ अशी आरोळी उठायची, तेव्हा केबलवाल्या घरात गोलंदाज अजून धावतच असायचा! आधी साऱ्यांना गंमत वाटली. मग पैजा सुरू झाल्या. छत्रीवाल्यांचा थोरला समोर जाऊन बसे आणि धाकटा घरातून शिट्टी घाली. एक पोरगा आठवड्याची मजुरी हरला, शिट्टीचं गुपित फुटलं, आणि दोन्ही घरांत चार महिने बोलणं नव्हतं. लबाडी होती ती माणसाची. पण मुळात एकच चेंडू दोन घरांत दोन वेळी का पडावा?

पहिलं उत्तर सुचतं ते असं, की उपग्रह फार दूर आहे. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा दिसतो आणि छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. आता शिक्षकांनी हे गणित फळ्यावर घालावं. लहरी वर जायला ३६,००० आणि खाली यायला ३६,०००, मिळून ७२,००० किलोमीटर. वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार केला की आलं ०.२४, म्हणजे जेमतेम पाव सेकंद.

मग छत्रीचं चित्र पाव सेकंद मागे पडायला हवं. आमच्या आळीत तर ते पुढे होतं! याचं कारण असं, की केबलवालाही बहुतेक वाहिन्या उपग्रहावरूनच घेतो. त्याच्या मोठ्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील. म्हणजे आकाशाची फेरी दोघांनाही चुकलेली नाही. तिथून पुढे काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. ३०० किलोमीटरला दीड हजारांश सेकंद! तो उशीर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खरा वेळ जातो तो वाटेत नव्हे, बांधाबांधीत. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे दाखवतात. ती जशीच्या तशी पाठवायची तर फार जागा लागते. म्हणून यंत्र एक चित्र पुरतं पाठवतं आणि पुढच्या चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच कळवतं. पण बदल ओळखायचा तर पुढची काही चित्रे हाती येईपर्यंत थांबणं आलंच. घरातली पेटीही थोडा माल साठवते, गाठोडं सोडते, मगच चित्र दाखवते. या कामात सेकंद-दोन सेकंद सहज जातात. केबलवाल्याने मध्येच ते गाठोडं सोडून पुन्हा बांधलं, की त्यात आणखी भर. म्हणून कोण पुढे, कोण मागे, हा नेम नाही. तो यंत्रांवर अवलंबून आहे. दोन शेजाऱ्यांकडे छत्र्याच असल्या तरी पेट्या निराळ्या असतील तर फरक पडतो. आणि मोबाइलवर इंटरनेटमधून येणारं चित्र तर बहुधा या दोघांच्याही मागे असतं.

आता चित्राच्या स्वच्छतेचं पाहू. जुन्या केबलमध्ये तार जितकी लांब तितक्या पडद्यावर मुंग्या जास्त. आळीतल्या शेवटच्या घराचे हाल ठरलेले. आकड्यांच्या नव्या पद्धतीत मुंग्या गेल्या. चित्र येतं ते पुरतं येतं, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन थिजतं. स्वच्छता ठरते ती एका वाहिनीला किती जागा दिली यावर. एसटीत पन्नासांच्या जागी नव्वद माणसं कोंबली की सगळ्यांचीच अडचण होते. तसंच वाहिन्यांचं आहे.

पावसात मात्र दोघांची परीक्षा निराळी. घरगुती छत्रीकडे येणाऱ्या लहरी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. जोराच्या सरीतले थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. म्हणून आषाढात सह्याद्रीच्या कुशीतल्या गावी ऐन बातम्यांच्या वेळी चित्र जातं, आणि सर ओसरली की आपोआप परततं. केबलवाल्याची मोठी तबकडी बहुधा साडेसात सेंटिमीटरच्या लहरी घेते. त्यांना पाऊस तितका बाधत नाही. पण फांदी पडून तार तुटली, किंवा वाटेतल्या खांबावरची वीज गेली, तर पाऊस थांबला म्हणून चित्र येत नाही. माणूस यावा लागतो.

तेव्हा शाळेसाठी काय घ्यावं? वस्ती आडबाजूला असेल तर छत्री बरी. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याची वर्गणीही नाही. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं. त्या दिशेला झाड वा भिंत आड नको. गावात तार चांगली राखणारा माणूस असेल तर केबलनेही काम भागेल. उशीर पाहून निवड करू नये. धड्याला दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

बिघडतं ते पैजेला. आमच्या आळीत हे गणित मी ओसरीवर बसून दोन्ही घरांना समजावलं. थोरल्याने मजुरीचे पैसे परत केले. सामना आता सगळे एकाच घरात पाहतात, आणि आरोळी एकदाच उठते.