वारा वाढण्याआधी शीड लहान करावे

‘साठी उलटली, आता हे धाडस कशाला?’ हे वाक्य दवाखान्यात या ना त्या निमित्ताने नेहमी कानी पडते. कधी ते सायकलविषयी असते, कधी विहिरीत पोहण्याविषयी, कधी शेतावर एकट्याने जाण्याविषयी. बोलणाऱ्या मुला-सुनांचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु अशाने ज्येष्ठांच्या आयुष्यातील एकेक गोष्ट गळत जाते, आणि हालचाल थांबली की स्नायूंचे बळ व शरीराचा तोल दोन्ही लवकर क्षीण होतात. या प्रश्नाकडे आज आपण एका वेगळ्या छंदातून पाहू: शिडाची लहान नौका बाळगणे आणि चालवणे.

राहुरीकरांना पाणी परके नाही. मुळा धरणाचा २६ टीएमसीचा ज्ञानेश्वरसागर आपल्या उशाशीच आहे. तरीही शिडाची नौका हा आपला विषय नाही, असे आपणास वाटेल. पण निवृत्तीनंतर कोकणात वा गोव्यात स्थिरावलेले, किंवा मुलांकडे परदेशी जाऊन राहिलेले अनेकजण या छंदापाशी पोहोचतात. शिवाय या क्षेत्रातील एका विख्यात लहान नौकेचा जन्म आपल्याच महाराष्ट्रातला आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी, दोन डोलकाठ्यांची सागवानी नौका मुंबईत बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ अशा ३१२ दिवसांत, एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा विक्रम करणारे ते पहिले. पुढे २००७ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी आणखी एक एकट्याची जगप्रदक्षिणा शर्यत पूर्ण केली. जपानचे केनिची होरिए यांनी तर २०२२ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, सुमारे १९ फुटी नौकेतून एकट्याने प्रशांत महासागर ओलांडला.

ही असामान्य माणसे. त्यांचे अनुकरण कोणी करावे असे मी सुचवणार नाही. आपल्यासाठी मोलाची आहे ती ‘कॅट केच’ नावाची नौकारचना. हिला दोन डोलकाठ्या असतात: मोठी अगदी पुढच्या टोकाशी, लहान मागच्या बाजूस. ‘सुहेली’सारख्या केचला पुढच्या डोलकाठीच्याही पुढे आणखी त्रिकोणी शिडे असतात, कॅट केचला ती नसतात. त्यामुळे हलत्या नौकेच्या निमुळत्या टोकावर जाऊन शीड सांभाळावे लागत नाही. वाऱ्याचा भार दोन शिडांत विभागला जातो. एकेक शीड लहान, म्हणून दोर ओढण्यास बळ कमी लागते. शिडे बुटकी असल्याने नौका कलतेही कमी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू हेवनचे कालवे गोळा करणारे कोळी अशाच दोन शिडांच्या होड्या वापरत. या रचनेला उणीवही आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाताना ती काहीशी मागे पडते, आणि बहुधा डोलकाठीला ताणाच्या तारा नसल्याने चढता-उतरताना धरायला आधार कमी मिळतो.

अशी नौका चालवू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. चालताना छातीत दुखणे, भोवळ, अलीकडे आलेली फीट वा झटका असे काही असेल, तर परवानगीवाचून पाण्यावर जाऊ नये. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात:

• जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच घालावे, नौकेत बसल्यावर नव्हे. पोहता येणाऱ्यांनीही.

• पडण्याचा धोका चढता-उतरताना अधिक. एका हाताने पक्का आधार धरावा. सामान दुसऱ्याने द्यावे.

• लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हात पाणी कमी पडून उठताना रक्तदाब उतरतो. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

• मळमळीच्या अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी वा संभ्रम येतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदू बळावू शकतो. त्या विचारूनच घ्याव्यात.

• इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर बाळगावी.

• शिडाचा आडवा दांडा दिशा बदलताना वेगाने फिरतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्वरित रुग्णालय गाठावे.

• प्रशिक्षित सोबती असावा. मुंबई बंदरात व गोव्यात शिकवणाऱ्या संस्था आहेत.

नावाड्यांमध्ये एक जुना नियम आहे: शीड लहान करावे असा विचार मनात आला, की त्याच क्षणी ते करावे. वारा वाढल्यावर तेच काम दुप्पट कठीण होते. ज्येष्ठांच्या घराला हा नियम शब्दशः लागू पडतो. न्हाणीघरात धरायचा दांडा पहिल्यांदा पडण्याआधी बसवावा. पायऱ्या जड वाटू लागताच अंथरूण तळमजल्यावर आणावे. पाण्याची एक भरलेली बादली दोन अर्ध्या बादल्यांत वाटावी. काठी लाज म्हणून कोपऱ्यात न ठेवता हाती घ्यावी.

सांभाळ करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: घरातील वडीलधाऱ्यांची आवडती गोष्ट बंद करण्यापूर्वी तिचा भार वाटता येतो का, हे त्यांच्याशी बसून पाहा. पोहणे असेल तर सोबत कोणी असू द्या. शेतफेरी असेल तर सकाळच्या गारव्यात आणि निम्म्या अंतराची होऊ द्या. जे खरोखर धोक्याचे आहे, ते डॉक्टरांच्या साक्षीने स्पष्ट सांगा. उरलेल्या गोष्टींत मात्र सुकाणू त्यांच्याच हाती राहू द्या.